दवबिंदूचा उतार

"ओ बाई, पाय तिथंच थांबवा! इथं कोणीतरी जेवून राह्यलंय."

मी दचकले. हसनाबादबाहेरच्या मुरमाड उतारावर एक माणूस उकिडवा बसला होता. त्याच्यासमोर दवबिंदूचं रोप — वीतभरही नाही. बारीक पानांवर तांबडी लव, लवेच्या टोकांना चिकट थेंब, आणि एका थेंबात अडकलेलं चिलट.

"ऊन एवढं वर आलं, तरी दव सुकलं न्हाई," तो म्हणाला.

"ते दव नाही, सापळा आहे. या मुरमात कस नाही, म्हणून ते किडे खातं."

"मास्तरीण वाटतं?"

"मास्तरांची मुलगी, बेबीनंदा."

बाबांना जाऊन महिना झाला होता. दर भादव्यात ते मला ही रोपं बघायला इथं आणायचे. यंदा एकटीच आले होते.

मग पांढऱ्या फक्कीची रेघ दिसली... थेट रोपांमधून गेलेली. तो दुष्काळात काढलेल्या रस्त्याच्या कामावरचा ओव्हरसियर होता, धर्मराज. दुष्काळ सरला तरी काम चालूच होतं, आणि उद्या इथलाच मुरूम उचलायचा होता.

"रेघ सरकवा."

"कुठं? जल्दी बोला."

"वर. तिथं ओल नाही, हे तिथं उगवत नाही."

त्यानं चपलेनं रेघ पुसून टाकली. "तुमच्यासाठी न्हाई हां, याच्यासाठी."

"मग माझ्याकडे का बघताय?"

"ते वाऱ्यानं हलून राह्यलं... तुम्ही बराबर एका जागी, नजर ठरते."

मी हसले — आणि जीव चरकला. घरी आई मुकी बसलेली, आणि मी माळावर हसत होते!

तरी दुसऱ्या दिवशी गेले. मग रोजच. रोपांसाठी? बाबांसाठी? की... मला खरंच कळत नव्हतं.

एका संध्याकाळी तो म्हणाला, "उद्यापासून शहागडला काम. बेबीनंदा... घरच्यांना तुमच्याकडं धाडू?"

"आत्ता? बाबा आत्ताच..."

तो दगडावर बसला. "कसे होते तुमचे बाबा?"

महिनाभर माणसं येत होती. कसे गेले, हे प्रत्येकानं विचारलं होतं. कसे होते, हे कोणीच नाही.

"चिलट अडकलं की 'बिचारं' म्हणायचे," मी म्हणाले, "आणि उपाशी रोपालाही 'बिचारं'च." हसू आलं, त्यातच रडू फुटलं. थांबवता कुठलंच येईना.

रडू ओसरल्यावर तो अगदी हळू म्हणाला, "मंग... धाडू?"

"ते नंतर. आधी तुम्ही या," मी डोळे पुसले. "आईलाही विचारा, बाबा कसे होते."