रंगारी मॅडमचं एकच क्रियापद

सकाळी चहा घेता घेता विशाखाबाई रंगारी ‘रन’ म्हणाल्या, तेव्हा यशवंतरावांनी बायकोच्या चेहऱ्याऐवजी टेबलावरच्या पाटीकडे पाहिलं. पाटीच्या काचेवर मेंदूची आकृती होती आणि तिच्या डाव्या अंगाला एक निळा ठिपका पसरत चालला होता. निळा म्हणजे काहीतरी वाहतंय. यशवंतराव उठून स्वयंपाकघरात गेले. दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली ठिबकत होतं.

विशाखाबाईंनी तुमसरच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. आठ महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, पण बोलणं गेलं. समोरचा काय म्हणतो ते सगळं त्यांना समजे, आपल्याला काय म्हणायचंय तेही कळे. बोलायला जावं तर तोंडातून एकच शब्द निघे, ‘रन’. भूक लागली तरी ‘रन’, मुलीचा फोन आला तरी ‘रन’.

नागपूरच्या मेंदू-संशोधन केंद्रातल्या डॉ. तस्नीम काझींनी त्यांच्या मेंदूवर केसाहून पातळ तारांची एक जाळी बसवली. तिला त्या अर्थजाळी म्हणत. मनात एखादा अर्थ उमटला की मेंदूत जी सूक्ष्म वीज खेळते, ती जाळी टिपायची आणि पाटीवर रंगांत दाखवायची. पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना नवल वाटलं. विशाखाबाईंचा ‘रन’ दर वेळी वेगळ्या जागी उजळत होता.

“शब्द एकच उरलाय, पण त्यामागचे अर्थ सगळे शाबूत आहेत,” त्यांनी यशवंतरावांना सांगितलं. “अर्थापासून मराठी शब्दापर्यंत जाणारी वाट तेवढी तुटलीय. मॅडम स्वतःहून त्या वाटेनं निघाल्या, तर जाळी हलकासा विद्युत्‌स्पर्श देऊन त्यांना मदत करील. पहिलं पाऊल मात्र त्यांनीच टाकायला हवं.”

मुदत बारा आठवड्यांची होती. त्यानंतर जाळीभोवती पेशी वाढू लागत, म्हणून ती काढावी लागे. जाळी गेली की पाटीही कोरी होणार होती.

सरावासाठी विशाखाबाईंचीच जुनी वही कामी आली. दर वर्षी सातवीच्या वर्गात त्या फळ्यावर हे एकच क्रियापद लिहून मुलांना वाक्यं करायला लावत. मुलगा रन करतो तेव्हा धावतो, नदी करते तेव्हा वाहते, नाक करतं तेव्हा गळतं, काका सरपंचपदासाठी रन करतो तेव्हा निवडणुकीला उभा राहतो. इंग्रजी वाक्य झालं की त्या टेबलावर दोनदा टिचकी मारत, म्हणजे आता मराठीत सांगा. सगळ्यांचं काम एकाच शब्दानं कसं भागतं, हे पाहून मुलं खिदळत.

यशवंतराव एसटीच्या कार्यशाळेत इंजिनं दुरुस्त करत निवृत्त झाले होते. दहावीला इंग्रजीनंच त्यांना एकदा घरी बसवलं होतं. तरी ते रोज दुपारी वही उघडून एकेक वाक्य अक्षर लावत वाचायचे. विशाखाबाई शांतपणे ऐकायच्या, ‘रन’ म्हणायच्या, पाटीवर रंग उमटायचे, आणि पुढे काहीच व्हायचं नाही. दहा आठवडे असे गेले. जाळी काढण्याची तारीख ठरवू, असं डॉक्टरांनी फोनवर जपून सुचवलं.

त्या दुपारी यशवंतरावांचा चष्मा सापडेना. वही वाचता येईना, म्हणून त्यांनी मनानंच वाक्य केलं. “माय ब्रदर रन अ शॉप.”

विशाखाबाईंच्या कपाळाला आठी पडली. “रन्स,” त्या म्हणाल्या.

तो नवा शब्द आहे, हे आधी यशवंतरावांच्या लक्षातच आलं नाही. त्यांनी तेच चुकीचं वाक्य पुन्हा म्हटलं. विशाखाबाईंनी बोट हलवलं, “रन्स,” म्हणाल्या आणि टेबलावर दोनदा टिचकी मारली.

यशवंतराव सरळ बसले. “माझा भाऊ दुकान…” त्यांनी सुरुवात केली आणि ते थांबले. पुढचा शब्द आपण मुद्दाम गाळला की घाबरून विसरलो, हे त्यांना नंतरही कधी सांगता आलं नाही.

“चालवतो,” विशाखाबाई म्हणाल्या.

पाटीवर आजवर कधी न दिसलेली पांढरी रेघ सरकत गेली, पण ती पाहायला कुणीच नव्हतं. यशवंतराव तोंडावर पंचा धरून रडत होते. विशाखाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, ओठ दोनतीनदा जुळवून पाहिले आणि हळूहळू, एकेक शब्द ठेवत म्हणाल्या, “नाक… गळून राहिलं तुमचं. पुसा ना.”

दुसऱ्या दिवशी डॉ. काझी स्वतःच तुमसरला आल्या. चूक सुधारणं ही मॅडमची एकतीस वर्षांची सवय आहे, त्यांनी समजावलं. सायकल चालवण्यासारखी ती मेंदूत खोल रुजलीय आणि झटका तिथवर पोचलाच नव्हता. बरोबर वाक्यं ऐकून त्यांना बोलायची गरज पडली नव्हती. आता रोज चुका करा, असा सल्ला त्यांनी यशवंतरावांना दिला. ते काम त्यांना अवघड गेलं नाही. उरलेल्या दोन आठवड्यांत ‘धावते’ आलं, ‘उभा राहिला’ आलं, ‘रंग उतरला’ आलं, आणि त्यांच्या मागून कितीतरी नामं आली. मुलीशी फोनवर बोलताना एकदा त्या चक्क भांडल्या, तेव्हा पलीकडे मुलगी आनंदानं हसत सुटली.

शेवटच्या तपासणीत डॉक्टरांनी त्यांना मनाला येईल तसा ‘रन’ म्हणायला सांगितलं. विशाखाबाईंनी शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, गालात हसल्या आणि म्हणाल्या, “रन.”

पाटी एकदम उजळली. तो आकार नोंदवलेल्या अठ्ठेचाळीस अर्थांपैकी कशाशीच जुळेना. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं, मग काय म्हणायचं होतं ते विचारलं.

विशाखाबाईंनी बराच वेळ शोध घेतला. आधी मराठीत, मग इंग्रजीत.

“आहे काहीतरी,” त्या म्हणाल्या. “पण त्याला शब्द नाही सापडून राहिला.”

डॉ. काझींनी तो आकार एकोणपन्नासाव्या जागी जपून ठेवला आणि नावाची चौकट रिकामी सोडली. जाळी निघाली. पुढच्या आठवड्यापासून इतर गावांतल्या रुग्णांच्या अर्थजाळ्यांनी टिपलेले आकार डॉक्टरांकडे येणार होते. हाच आकार आणखी कुणाच्या मनात निघाला, तर त्याला शब्द कोण देईल, आणि कुठल्या भाषेतला?