जमनीकाकीची परवानगी

आमच्या तांड्याचा प्रेमसिंग नायक रात्री जेवणं झाली की पोरं गोळा करून गोष्टी सांगतो. म्हातारे असेच. स्वतःची घाण दुसऱ्याच्या नावावर सांगतात.

"राजदीपची हाये. खरी," तो म्हणाला.

राजदीप तांड्यातला पहिला इंजिनिअर. पहिली नोकरी पुण्याच्या संशोधन संस्थेत, गोरबोलीचे, म्हणजे आमच्या बंजारा भाषेचे, आवाज गोळा करायची. इथल्या जमनीकाकीने त्याला ढावलो गाऊन दिला, लेक सासरी निघताना रडत गातात तो. दुसऱ्या नोकरीत त्याने त्याच आवाजांची पडद्यावर हिरव्या लाटांत चित्रं काढणारा प्रोग्राम केला. तिसरी कर्ज देणाऱ्या कंपनीत. तिथे काकीचाच आवाज मशीनला शिकवला. हप्ता चुकला की काकी गोरबोलीत फोनवर दम देणार. खरी काकी इथे कापूस वेचत होती. फोन आलेल्या बाया तिच्या दारात येऊन थुंकायच्या.

"माहा आवाज काढ रे बापू तिथून," एवढंच ती मागायची. त्याने काढला नाही. ती ऑक्टोबरात मेली. मग कंपनीने तिची लेखी परवानगी मागितली. नाहीतर राजदीपची नोकरी जाणार.

"शनिवार, तीस नोव्हेंबर. आर्णीहून शाईचा पॅड घेऊन रात्री पावणेदहाले आला," नायक म्हणाला. "अंगठा पायजे होता."

"मेलेल्या बाईचा?" आमच्यातला बादल हसला.

"कोनाचाबी चालते म्हने. तारीख मागची टाकू."

"मंग कोनं देल्ला?"

"...होता एक म्हातारा."

त्याच आठवड्यात नायकाच्या घरी फ्रीज आला. आम्ही आंधळे आहोत का?

म्हातारा गाडीत राजदीपशेजारी बसला. अंगठा उठवला. कागद पाठवायला राजदीपने लॅपटॉप उघडला, तर त्याचा जुना लाटांचा प्रोग्राम आपोआप सुरू झाला. हिरवी रेघ हलली.

"काका, तू बोलून राह्यला का?"

"नाई."

गाडीत आवाज नव्हता. कुत्रंही नाही. रेघ उठली. पडली. पुन्हा उठली. राजदीपने वर्षानुवर्षं हीच चित्रं काढलेली. नुसत्या लाटेवरून ओळखलं.

"ढावलो हाये..."

माईक बंद केला. रेघ चालूच. लॅपटॉप मिटला...

"मंग?"

नायकाने मागे वळून पाहिलं.

"काका, मंग?"

"दोन कडव्यांच्या मधात ती दम घे ना... तेवढा ऐकू आला. मागच्या सीटवरून."

दोघं गाडी उघडी टाकून पळाले. कागद मात्र राजदीपने सकाळी पाठवलाच. भूत पाठीशी बसलं तरी यांची नोकरी सुटत नाही. काकी अजून फोन करते.

परवा बुधवारी रेशनच्या दुकानात नायक माझ्यापुढे होता. मशीनवर अंगठा ठेवला. दुकानदार रवीने पडदा बाहीने पुसला.

"काका, दुसरा ठेवा."

दुसरा ठेवला. मी वाकून पाहिलं. काकीचं नाव कार्डातून कधीच कमी झालंय.

दोन्ही अंगठ्यांना मशीनने एकच नाव दाखवलं. जमनी राठोड.