लूणपारचं शेवटचं पान

लेस्टरच्या पोलीस स्टेशनात सलग दोन शिफ्ट काढून सार्जंट श्रद्धा घरी निघाली, तेवढ्यात फोन आला. घरफोडी. मंडळी मराठी, म्हणून तिच्याच गळ्यात. २००६ सालच्या त्या दुपारी तिला चोर, पोलीस, दोघांचाही कंटाळा आला होता.

निवृत्त डॉक्टर पुरुषोत्तम स्टडीच्या दारात सुन्न उभे होते. आजोबांची मोडीतली रोजनिशी गेली होती. थरच्या वाळवंटातलं लूणपार हे मिठाचं गाव १९१९ साली तीन दिवसांत ओस पडलं, तेव्हा आजोबा तिथे रेल्वेचे डॉक्टर होते. त्या गावाचा इतिहास लिहिण्यात पुरुषोत्तमांची बारा वर्षं गेली होती. सोमवारी बाड पुण्याला पाठवायचं, आणि शेवटचं प्रकरण अजून कोरंच.

मागच्या दाराची काच फुटलेली. खण उपडे, कपडे आणि फायली जमिनीवर. पुस्तकं तेवढी खुर्चीवर रचलेली. डॉक्टरांचा संशय त्यांच्या मित्रावर, राजीववर होता. त्याने वही दोनदा मागितली होती. श्रद्धाने फोन लावला, तर स्वारी आठवडाभर नागपुरात.

मग तिने डॉक्टरांच्या बायकोला, सुमेधाकाकूंना स्वयंपाकघरात गाठलं.

"काकू, वही शेवटी कोणाकडे होती?"

"माझ्याकडे. ह्यांना मोडी येत नाही ना. गेल्या वर्षी मीच कोर्स केला."

"शेवटची पानं वाचलीत?"

"छे, टाइमच नाही मिळाला." काकू चहा ठेवायला उठल्या.

"बसा काकू." श्रद्धाचा आवाज थकलेला होता. "चोराने सगळं खाली फेकलं, पण पुस्तकं फेकायला त्याचा हात धजला नाही. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या घरातलाच तो. राजीवकाका इंडियात. काका सकाळभर डेंटिस्टकडे. घरात तुम्ही एकट्याच होतात."

काकूंनी तांदळाच्या डब्यातून वही काढली.

"ह्यांच्या आजोबांनीच गावाला पाणी आणणारी रेल्वेगाडी बंद करवली. गावात तापाची साथ होती, ती रेल्वे लाइनवर पसरू नये म्हणून. पाण्यावाचून लोक चालत निघाले, साठ माणसं वाटेतच गेली. आणि ह्यांनी त्यांना देव करून ठेवलंय. वाचलं असतं तर हे खचले असते."

श्रद्धा वही घेऊन स्टडीत डॉक्टरांकडे गेली, काकू मागोमाग. तिने शेवटचं पान उघडलं. आत हॉस्पिटलच्या पार्किंगचं तिकीट होतं, मार्च १९९८चं.

"काका, हे तुमचं. काकूंच्या आधी आठ वर्षं तुम्ही इथवर वाचलंत."

डॉक्टरांनी तिकीट हातात घेतलं.

"वडिलांनी शिकवली होती मोडी," ते बायकोकडे पाहत म्हणाले. "मला लिहवेना. तू वाचून सांगितलंस तर मला लिहावंच लागेल, म्हणून वही तुला दिली."

श्रद्धाने फॉर्मवर 'गुन्हा नाही' असं लिहिलं आणि कोट उचलला.

काकूंनी खुर्चीवरची पुस्तकं टेबलावर ठेवली, खुर्ची नवऱ्याकडे सरकवली आणि वही उघडली.

"सांगते," त्या म्हणाल्या. "लिहा."