ओली लड

पंचशीला लातूरच्या एका शाळेत गणित शिकवायची आणि विणकामातही तिचा स्वभाव गणिताचाच होता. आधी छातीचं माप, मग चार बोटांत किती टाके बसतात ते पाहायचं, कागदावर आकडे मांडायचे आणि मगच सुया हातात घ्यायच्या. तिनं विणलेलं स्वेटर कुणाला आखूड झाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

नांदेडला डी.एड. करताना वसतिगृहाच्या एका खोलीत तिघी राहायच्या: पंचशीला, अहमदपूरची आबेदा आणि भोकरची नीला. पुढं लग्नं झाली, नोकऱ्या तीन गावांना लागल्या. तरी दिवाळीच्या सुट्टीतले शेवटचे तीन दिवस त्या कुठंतरी एकत्र काढायच्याच. नवरे नाहीत, पोरं नाहीत. नुसत्या सुया, लोकर आणि चहा.

शहाऐंशी साली कुरबरवाडीला जायचं ठरलं. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. कचेऱ्यांच्या पाट्या अजून नव्या दिसत होत्या आणि त्याच कचेऱ्यांतून यंदा गावोगाव टँकर सुटत होते. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी हुकला होता. अशा वर्षी पाहुणे म्हणून कुणाच्या दारात जावं, हे पंचशीलाला पटत नव्हतं. पण निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला, घरच्या मेंढ्यांची लोकर हातानं कातणारी एक बाई आहे असं आबेदाच्या कानावर आलं होतं. बाजारातल्या रंगीत लोकरीचा तिला कंटाळा आला होता. शेवटी पाण्याचा मोठा डबा सोबत घेऊन तिघी एसटीत बसल्या.

चतुराबाई साठीची होती. तिचा नवरा गुरुपादप्पा मेंढ्या घेऊन चाऱ्यासाठी दूर गेला होता. तिनं ओसरी झाडून दिली आणि लडी समोर टाकल्या. काळ्या, करड्या, मातकट. धागा कुठं जाड, कुठं बारीक. मध्येच गवताची काडी. नीला एकेक काडी वेचत, लोकर नाकाशी धरत बसली. मेंढीचा उग्र वास होता, पण हातांना ऊब होती. सुईवर घेतला की धागा जरासा अडायचा, मग वळायचा आणि घट्ट बसायचा. असं विणण्यात किती सुख आहे, हे तिघी दुपारभर एकमेकींना सांगत होत्या.

पाणी प्यायला आत गेलेल्या आबेदाला खुंटीवर एक पांढरी लड दिसली. दुधासारखी पांढरी, आणि मऊ. तिनं हात लावला आणि पंचशीलाला हाक मारली. लड ओली होती.

पंचशीलाला नवल वाटलं. ज्या गावात माणसं तांब्याभर पाण्यात अंघोळ उरकतात, तिथं लोकर धुवायला पाणी कुणाकडे असणार? तिनं चतुराबाईला विचारलं.

चतुराबाईच्या हातातली लोकर कातायची टकळी थांबली. "ती आमची न्हाई. हिरीच्या रहाटाला गुंडाळल्याली असती. आठ-पंधरा दिसाला एक."

घरामागची विहीर दोन वर्षं ठणठणीत कोरडी होती. पंचशीलानं विचारलं, मग फेकून का देत नाही?

"फेकली तर सकाळी पुन्ना तितंच."

"जाळून टाकायची."

"जळत न्हाई. ओली हाय न्हवं."

विहिरीत कधी कुणी पडलं होतं का, हेही पंचशीलानं विचारून घेतलं. चतुराबाईनं मान हलवली. गावानं ते शंभरदा आठवून पाहिलं होतं. कुणी पडलं नव्हतं. कधीच नाही.

टँकरचं पाणी चोरून कुणीतरी लोकर धूत असेल, असं पंचशीलानं ठरवून टाकलं. आबेदा नुसती हसली. लड तोवर तिच्या मांडीवर आलेली होती.

नवऱ्यासाठी स्वेटर म्हणून तिनं एकशेवीस टाके घातले. पंचशीलानं स्वतः मोजले होते.

सकाळी पंचशीला उठली तेव्हा आबेदा भिंतीला टेकून विणत होती. पाठ आणि पुढचा भाग तयार होता, एक बाहीही झाली होती. लड मात्र कालच्याएवढीच जाड दिसत होती. पंचशीलानं माप घेतलं. सहा-सात वर्षांच्या पोरीला येईल एवढं. टाके मोजले, तर साठ.

"मी एकशेवीसच घातले होते," आबेदा म्हणाली. सुया थांबल्या नाहीत. तिच्या बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती. दिवसभर धुणं धुतल्यासारखी.

नीलानं तिला चहा दिला. तो तसाच निवला. मग पंचशीलानं विणकाम हिसकून घेतलं आणि उसवायला धागा ओढला. एकही टाका सुटेना.

आबेदा रागावली नाही. "राहू दे गं," ती म्हणाली, "तिची दुसरी बाही राहिलीय."

"कुणाची?"

आबेदा गोंधळून तिच्याकडे बघत राहिली. आपण काय बोललो ते तिलाही आत्ताच ऐकू आलं असावं.

दुपारी बारा वाजता ओसरीवर ती नव्हती.

पांढरा धागा उंबऱ्यावरून मागच्या अंगणात गेला होता. ताणलेला. त्याच्याखालच्या फुफाट्यात एक बारीक ओली रेघ उमटली होती. दोघी त्या रेघेवरून धावल्या.

आबेदा विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसली होती. विणत होती.

पंचशीलानं वाकून पाहिलं. ऊन थेट तळाला पोचलं होतं. भेगाळलेला गाळ, चार दगड. माणूस नाही, सावली नाही. सुईवरून सुटलेला धागा निम्म्या विहिरीपर्यंत दिसत होता. पुढं दिसत नव्हता.

आबेदा एक टाका घ्यायची. धागा खालून हलकेच सैल व्हायचा.

पुन्हा टाका. पुन्हा सैल.

खालून कुणीतरी धागा सोडत होतं.

नीलानं आबेदाच्या कमरेला मिठी घातली. पंचशीलानं कमरेला खोचलेली विणकामाची कात्री काढून चालवली.

धागा तुटला. आबेदाचे हात उघडले आणि स्वेटर आत पडलं. दोन्ही बाह्या होत्या त्याला.

पंचशीला सवयीनं आकडे मोजू लागली. एक, दोन, तीन. वीसपर्यंत मोजलं. पडल्याचा आवाज आला नाही.

तळाला गाळ आणि चार दगड.

तीनच्या एसटीनं त्या निघाल्या. चतुराबाई फाट्यापर्यंत सोबत आली. गाडी दिसल्यावर तिनं एवढंच विचारलं, "बाह्या दोनी झाल्या हुत्या का?"

पंचशीला हो म्हणाली.

"बरं झालं," चतुराबाई म्हणाली आणि माघारी वळली.

पुढं गुरुपादप्पा काही कामानं लातूरला आला, तेव्हा चतुराबाईच्या सांगण्यावरून पंचशीलाच्या शाळेत डोकावून गेला. रहाटाला लड सापडायची बंद झाली होती. त्याचा चेहरा हलका दिसत होता. पंचशीलालाही बरं वाटलं. झालं ते थकव्यानं आणि उन्हानं, असं ती स्वतःला रोज थोडं थोडं पटवत होती.

जानेवारीतल्या एका सुट्टीला ती अहमदपूरला आबेदाकडे गेली. आबेदा ठणठणीत होती. कुरबरवाडीची आठवण निघाली की तिला काळी लोकर आणि चहा एवढंच आठवायचं. जेवणं झाली, मुलं खेळायला गेली. पंचशीला हात धुवायला मागच्या दारी आली.

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. आबेदाच्या दोन मुलांची उंची. नावं लिहिलेली, वर्षाला एक खूण. त्यांच्या शेजारी तिसरी ओळ होती. तिला नाव नव्हतं. अक्षर आबेदाचंच. पहिली तारीख नोव्हेंबरातली, कुरबरवाडीहून परतल्यानंतरच्या शुक्रवारची, खूण पंचशीलाच्या कमरेच्या जरा वर. मग दर शुक्रवारी एक, प्रत्येक खूण मागच्या खुणेहून दोन बोटं वर.

आज शुक्रवार होता. आजची तारीख घातलेली खूण पंचशीलाच्या खांद्याला लागत होती.