पाचवं चित्र रिकामं होतं

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी सदुसष्ट वर्षांची बाई. या वयात थापा मारून मला काय मिळणार आहे?

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. माझी भर दुपारची आहे.

शुक्रवार, १० सप्टेंबर १९८२. दुपारचे तीन. सनीवेल, कॅलिफोर्निया. बाहेर डोळे दिपतील असं ऊन होतं.

आमची कंपनी लहान होती. पिझ्झाच्या दुकानात नाणी टाकून खेळायची ती कपाटाएवढी मशीन्स असायची ना, त्यांतले गेम आम्ही घरच्या टीव्हीला जोडायच्या डब्यासाठी परत बनवायचो. मूळ मशीनमध्ये जागाच जागा. आमच्या डब्यात खोचायच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे गेमच्या वडीत, फक्त चार हजार शहाण्णव बाइट. हत्तीला खोक्यात बसवायचं, आणि वर लोकांनी म्हटलं पाहिजे, "अगदी हत्तीच आहे हो!"

व्हर्नन हॅस्केल हे काम करायचा तेव्हा मी तोंडात बोट घालून बघायचे.

तो एकेचाळीस वर्षांचा, डावखुरा, कायम शर्टावर सॉसचा डाग. मी चोवीस वर्षांची, त्याच्या हाताखाली. मूळ गेमचा कोड आम्हाला कोणी देत नसे. म्हणून व्हर्नन रोज दुपारी पिझ्झाच्या दुकानात जायचा, मशीनसमोर उभा राहायचा आणि नुसतं बघून सगळं उतरवून आणायचा.

"लोर्ना, कंदील विझताना किती वेळा फडफडतो?"

"दोनदा?"

"तीनदा, पोरी. डोळे घरी ठेवून येतेस का? आपल्यातही तीनदाच फडफडला पाहिजे."

बोलताना डाव्या हातातली पेन्सिल टेबलावर आपटायची त्याला खोड होती. टक टक... टक.

माझी चूक सापडली की मात्र तो ओरडायचा नाही. डावा हात वर करायचा आणि पंजा खाली पाडत मला बोलवायचा. ये. बघ काय केलंयस.

त्या वर्षीचा गेम होता 'लँटर्न हिल'. एक कंदीलवाला माणूस, चार लांडगे, डोंगरावर एक विहीर. त्यात व्हर्ननने मूळ मशीनमध्ये नसलेली एक गोष्ट गुपचूप घातली होती. विहिरीपाशी दहा आकडे मोजेपर्यंत थांबलं की एक इवलासा माणूस यायचा आणि हात हलवायचा.

तो व्हर्नन स्वतः होता. ते त्याच्या मुलीसाठी होतं. ट्रूडी सात वर्षांची होती आणि कामापायी बाप तिच्या वाट्याला येतच नव्हता. त्याने तिला सांगून ठेवलं होतं, "ख्रिसमसला गेम लाव आणि विहिरीपाशी थांब. बघ कोण भेटतं."

१९ ऑगस्टला व्हर्नन गेला. त्याच पिझ्झाच्या दुकानात, त्याच मशीनसमोर. हृदय बंद पडलं. दुकानदार म्हणाला, कोसळतानाही त्याचा डावा हात मशीनच्या दांड्यावरच होता.

दफनाच्या दिवशी ट्रूडीने माझा झगा ओढला.

"लोर्नामावशी, बाबा विहिरीपाशी आहे ना गं? हात हलवणार आहे ना?"

मी म्हटलं, "हो गं राणी. आहे."

हे 'हो' लक्षात ठेवा.

आता त्या शुक्रवारकडे येते. पाच वाजता गेम चिपच्या कारखान्यात जायचा होता. एकदा चिप छापली की ब्रह्मदेवाचा बापही त्यात फरक करू शकत नाही. आणि दुपारी एकला आमचे मालक ग्रूबरसाहेब नाचत आले.

"लोर्ना, सुरुवातीला कंपनीचं नाव दिसत नाही!"

"साहेब, जागा नाही. एक बाइटही नाही."

"मग कर जागा. लांडग्यांच्या शेपट्या काप, मला काय! पाचला माणूस येतोय."

नावाला एकतीस बाइट हवे होते. जागा अशी इथून एक, तिथून दोन काढता येते, पण त्याला दोन दिवस लागतात. माझ्याकडे चार तास होते.

विहिरीवरचा माणूस छत्तीस बाइटचा होता.

मी संगीत छोटं करू शकले असते. ग्रूबरला नाही म्हणू शकले असते. पण नोकरी जाईल म्हणून घाबरले, खरं सांगते. पावणेतीनला मी व्हर्ननला पुसून टाकलं. पूर्ण. चित्र, हात, सगळं.

आणि तीन वाजता...

टक टक... टक.

मी वळून पाहिलं. व्हर्ननचं टेबल रिकामं होतं. बाकीचे कॉफी प्यायला बाहेर गेले होते, इमारतीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

एसीचा पाइप असेल, असं मनाला समजावलं आणि गेम लावला.

काहीतरी चुकत होतं.

तो जुना डबा सगळे लांडगे पडद्यावर एकदम काढू शकत नसे. म्हणून आम्ही पाळीपाळीने काढायचो. पहिल्या चित्रात पहिला, दुसऱ्यात दुसरा. सेकंदाला साठ चित्रं, त्यामुळे डोळ्याला चारही दिसतात, फक्त थोडे लुकलुकतात. ते लुकलुकणं मी महिनाभर बघत होते. झोपेतही ओळखलं असतं.

आज ते मंद झालं होतं.

चौघांत नाही... जणू पाच जणांत वाटून घेतल्यासारखं.

गेम तपासायच्या आमच्या मोठ्या मशीनवर एकेक चित्र थांबवून बघता यायचं. मी बटण दाबत गेले.

पहिला लांडगा.

दुसरा.

तिसरा.

चौथा.

मग... रिकामा डोंगर. कोणीच नाही.

पुन्हा पहिला लांडगा.

मी कोड छापून काढला आणि ओळ न् ओळ बोटाने वाचली. लांडग्यांच्या पाळीचा आकडा चारच होता. मी वीसदा बघितलं. पाचवं चित्र यायला कारणच नव्हतं. तरी दर चार लांडग्यांनंतर तो डबा कोणाची तरी वाट बघत थांबत होता.

टक टक... टक.

"व्हर्नन?" मी म्हटलं.

टकटक थांबली.

पाचला माणूस आला आणि गेम घेऊन गेला. मी अडवलं नाही. काय सांगणार होते?

डिसेंबरात गेम बाजारात आला. एका मासिकाने लिहिलं, मूळ मशीनचा इतका इमानी अवतार आजवर झाला नाही. चार लांडग्यांना एवढं लुकलुकणं मात्र जास्तच आहे. ऑफिसात डोनट वाटले. माझा तसाच टेबलावर राहिला.

ख्रिसमसच्या सकाळी व्हर्ननच्या बायकोने, जीनीने, मला बोलावलं. नाही कसं म्हणणार? झाडाखाली बसून ट्रूडीने खोकं फाडलं आणि गेम लावला. मी पाठीमागे कोचावर बसले होते. आता ही पोर विहिरीपाशी जाणार, दहा मोजणार, आणि तिथे कोणी नसणार. मी ठेवलंच नव्हतं.

"एक, दोन, तीन..."

मी डोळे मिटले.

"...नऊ, दहा."

मग ट्रूडी टाळ्या पिटत उठली.

"बाबा! आई, बघ ना, बाबा हात हलवतोय!"

मी डोळे उघडले. विहिरीपाशी काहीच नव्हतं. फक्त लांडगे लुकलुकत होते.

जीनीने माझ्याकडे पाहिलं. तिलाही काही दिसत नव्हतं. ती पुटपुटली, "असू दे लोर्ना. पोर खूश आहे ना?"

"कुठला हात हलवतोय गं?" मी ट्रूडीला विचारलं.

"हा." तिने डावा हात वर केला.

व्हर्ननने ते चित्र काढलं तेव्हा मी शेजारी होते. उजवा हात होता. डाव्या बाजूला विहिरीची भिंत आड यायची, म्हणून.

त्यानंतर दर ख्रिसमसला ट्रूडी तो गेम लावत आली. लग्न झालं, मुलं झाली, जीनी गेली. दर वर्षी फोन यायचा. "मावशी, बाबा भेटला." मी म्हणायचे, "छान." मी काय केलं ते तिला कधीच सांगितलं नाही. तिला दिसतोय तर कशाला बोला, असं म्हणत त्रेचाळीस वर्षं काढली.

गेल्या ख्रिसमसला फोन आला तेव्हा ती रडत होती.

"मावशी, बाबा नाही आला गं. मी तीनदा दहा मोजले. विहिरीपाशी कोणीच नाही. कुठे गेला असेल?"

"जुनं कार्ट्रिज आहे बाळा, खराब झालं असेल," मी म्हटलं. पुन्हा खोटं.

माझं कार्ट्रिज कपाटात होतं. त्याच दुपारी काढलं. कंदीलवाल्याला विहिरीपाशी नेलं आणि उभं केलं. बाहेर ऊन होतं, शेजारची मुलं नव्या सायकली फिरवत होती.

आठ... नऊ...

तो आला.

आयुष्यात पहिल्यांदा मला दिसला. ठिपक्याठिपक्यांचा, बोटाच्या पेराएवढा. डावा हात वर केला.

मला आधी रडूच आलं. वाटलं, माफ केलं बिचाऱ्याने.

मग मी नीट बघितलं.

तो हात हलवत नव्हता. पंजा खाली पाडत होता. पुन्हा वर, पुन्हा खाली.

बोलावत होता. ये. बघ काय केलंयस.

मी वायर उपटली. डबा आता गॅरेजमध्ये आहे, प्लगपासून लांब. तरी दुपारी तीनला गॅरेजच्या दारामागून आवाज येतो. रोज.

टक टक... टक.

त्याला काय हवंय ते कळायला मला भुताची भाषा यायला नको. म्हणून हे सगळं लिहून काढलं. तुम्हाला सांगितलं. ट्रूडीला अजून सांगितलेलं नाही.

फोन समोरच आहे. तिचा नंबर पाठ आहे. आता तीनला पाच मिनिटं कमी आहेत.