दुखऱ्या दाढेचा खोटा पत्ता

"हीच ती! उजवीकडची, खालची, शेवटून दुसरी. काढून टाका एकदाची!" असं म्हणून तेजल बारगजे खुर्चीत तोंड वासून बसली.

ही खुर्ची दंतबसमधली. २०६१ सालीही डोंगरावरच्या कारवीमाळ गावात दातांचा दवाखाना नव्हता, पण दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सौरऊर्जेवर (सूर्याच्या उजेडापासून मिळणाऱ्या शक्तीवर) चालणारी ही बस शाळेसमोर येऊन थांबायची. बसमध्ये दोघं असत. एक साठी ओलांडलेल्या डॉ. गुलशन तांबोळी आणि दुसरा आठ बारीक हातांचा यंत्रमानव. त्याचं कागदोपत्री नाव मारुतीच्या शेपटीएवढं लांब होतं. मुलं त्याला चिमटा म्हणत आणि त्याचीही काही तक्रार नव्हती.

चिमट्याने दाढेवर थंडगार कापूस टेकवला, हलकेच टकटक केलं, मग क्ष-किरणांनी (शरीराच्या आतलं दाखवणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी) दोन्ही बाजूंच्या दाढांचा फोटो काढला.

"ही दाढ निरोगी आहे," तो म्हणाला. "कीड डावीकडच्या दाढेला लागली आहे. ती भरावी लागेल."

"पण डावीकडची तर दुखतच नाही!"

आता आली का पंचाईत! किडलेली दाढ गप्प बसलेली आणि धडधाकट दाढ पंधरा दिवस ठणाणा करतेय. तेजलला भाकरी चावता येत नव्हती, ती नुसता मऊ भात गिळून दिवस काढत होती. आज दाढ निघाली नाही, तर बस थेट पुढच्या महिन्यात येणार. तिला रडूच फुटलं.

"म्हणजे मी खोटं बोलतेय का?"

"अजिबात नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुझं दुखणं शंभर टक्के खरं आहे. पण बाळा, ही दुधाची दाढ नाही. काढली तर पुन्हा उगवायची नाही. आधी एक प्रयोग करून बघूया? आपण ही दाढ बधिर करू. दुखणं दाढेतून येत असेल, तर ते थांबलं पाहिजे. आणि नाही थांबलं तर?"

"तर दुसरीकडून येतंय," तेजल नाक पुसत म्हणाली.

चिमट्याने इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांत तेजलचा ओठ वडापावाएवढा झाल्यासारखा तिला वाटू लागला. चिमट्याने दाढेवर सुई टेकवली, ती तिला कळलीही नाही. ठणका मात्र होता तसाच होता!

डॉक्टरांनी तिच्या उजव्या कानापुढे बोट ठेवलं आणि जरासं दाबलं.

"आई गं! दाढेत कळ गेली!"

"सापडला चोर. इथे जबड्याचा सांधा आहे, दाराच्या बिजागरीसारखा. तो सुजलाय. सांध्याचा आणि दाढेचा निरोप मेंदूकडे एकाच मज्जातंतूच्या (निरोप वाहून नेणाऱ्या धाग्याच्या) वाटेने जातो. समोरच्या डोंगरावरून कोणी हाक मारली, तर ती नेमकी कुठल्या घरातून आली ते आपल्याला कळतं का? तसाच मेंदू फसला. दुखणं खरं, पण त्याने सांगितलेला पत्ता खोटा."

"पण सांधा सुजला कशाने?"

याचं उत्तर बसच्या दारात उभ्या असलेल्या सुलूआत्याकडे होतं. आत्या वनरक्षक होती आणि तेजल तिच्याकडेच राहायची. चार महिन्यांपूर्वी तेजल तिच्याबरोबर जंगलात गेली असताना तिला गोचीड चावली होती. पुढे गुडघा सुजला, तेव्हा मोठ्या दवाखान्यात निदान झालं: लाइमचा आजार. काही गोचिडींच्या अंगात स्क्रूसारखे पीळदार जिवाणू (अतिशय सूक्ष्म सजीव) असतात. गोचीड चावली की ते आपल्या शरीरात शिरतात आणि कधीकधी सांध्यांमध्ये ठाण मांडतात. त्यांना मारायला प्रतिजैविक (जिवाणूंना मारणारं औषध) घ्यावं लागतं.

"तीन आठवडे गोळ्या चालू आहेत," आत्या म्हणाली. "पण गुडघा तसाच, आणि आता हा जबडा."

चिमट्याने ताबडतोब आपल्या यादीतले चाळीस प्रश्न विचारले. गोळी कोणती, केव्हा, किती वेळा, एखादी चुकली का? आत्याने एकही गोळी चुकू दिली नव्हती.

"सगळी उत्तरं बरोबर आहेत. कारण सापडत नाही," चिमटा म्हणाला आणि त्याचे आठही हात खाली आले.

"म्हणजे अजून महिनाभर ते कडू दूध प्यायचं?" तेजल कळवळली.

डॉक्टरांनी चमकून वर पाहिलं. "कुठलं दूध?"

"अहो, औषध उष्ण असतं ना," आत्या कौतुकाने म्हणाली. "पोटात आग पडायला नको, म्हणून मी गोळी कुटून पेलाभर दुधात देते. वर चमचाभर नाचणीचं सत्त्व. ताकद येते!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, पण हसतच. "दुधात कॅल्शियम असतं, नाचणीत तर त्याहून जास्त. हे औषध कॅल्शियम दिसलं की त्याला घट्ट धरून बसतं. तेजल, शाळेच्या फिरत्या फाटकातून एकेकटं जाता येतं. दोघी गळ्यात गळे घालून निघाल्या तर?"

"अडकतील!"

"तसंच आतड्यात होतं. बरंचसं औषध रक्तात शिरतच नाही, पोटातूनच बाहेर जातं. जिवाणू मजेत."

आत्याचा चेहरा पडला. "म्हणजे मीच पोरीला इतके दिवस त्रास दिला." तिचे डोळे भरून आले. तेजलने पटकन तिचा हात धरला.

"तुम्ही एकही गोळी चुकू दिली नाहीत, आत्याबाई. ते खरं अवघड काम," डॉक्टर म्हणाल्या. "आणि पोटाचं तुमचं म्हणणंही बरोबर आहे. म्हणून आधी तांदळाची भाकरी खायची, मग मोठा पेलाभर पाण्याबरोबर गोळी. दूध आणि नाचणी दोन-तीन तासांनंतर. सगळ्याच गोळ्यांचं दुधाशी वाकडं नसतं, म्हणून प्रत्येक वेळी विचारायचं."

"हा प्रश्न माझ्या यादीत का नव्हता?" चिमट्याने विचारलं.

"यादी करणाऱ्यांना आत्या नसेल," तेजल म्हणाली, आणि बधिर ओठाने पहिल्यांदाच हसली.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. त्यांनी अठ्ठावीस दिवसांचा औषधक्रम नव्याने सुरू करायला सांगितलं.

"आता तू सांग," डॉक्टर म्हणाल्या. "दाढ काढायची?"

महिनाभर ठणका सोसायचा म्हणजे खायचं काम नव्हतं. तेजलने जिभेने दाढ चाचपली. "राहू दे. तिने काय केलंय बिचारीने?"

मग डावीकडची किडलेली दाढ तेवढी भरून घेतली. सुजलेल्या सांध्याला फार वेळ ताण नको, म्हणून दोन मिनिटं तोंड उघडायचं आणि एक मिनिट मिटून विसावा घ्यायचा, असं ठरलं. तेजलने हात वर केला की चिमटा लगेच थांबे. काम पाऊण तास चाललं, पण जबडा कुरकुरला नाही.

पुढच्या महिन्यात बस आली, तेव्हा तेजल उजव्या बाजूने फुटाणे चावत आत शिरली. कडकड आवाजच डॉक्टरांना पुरेसा होता, तरी चिमट्याने रीतसर तपासलं. गुडघ्याची सूज बरीच उतरली होती आणि जबड्याची गेली होती.

"एक बातमी आहे," चिमटा म्हणाला. "माझ्या यादीत आता एक्केचाळीस प्रश्न आहेत. 'गोळी कशाबरोबर घेता?' हा नवा प्रश्न राज्यातल्या सगळ्या दंतबसना पाठवला आहे. आजपासून मी तो विचारणार."

पण त्याला विचारायला उरलंच कोण? बाहेर वनरक्षकाच्या खाकी कपड्यांतली आत्या रांगेच्या टोकापासून सुरुवात करून एकेकाला गाठत होती.

"काय हो काका, गोळ्या कशाबरोबर घेता? दुधाबरोबर? कोणती गोळी आहे ती? दाखवा बघू आधी!"