आसरा उपलब्ध

निवारा भवनाच्या चौथ्या मजल्यावरची हवा बारा महिने बावीस अंशांवर ठेवलेली असे. तिथे राहणाऱ्यांना थंडी सोसत नसे आणि उकाडाही. राहणारे म्हणजे यंत्रे. दोन रांगांत उभी केलेली काळी कपाटे आणि त्यांच्या पोटात जिल्ह्यातले नऊ लाख छायानागरिक. वैजयंती निमगडे त्या शनिवारी सकाळी तिथे शिरली, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यातल्या फरशीचा गारठा अजून तिच्या पायांत होता आणि पिशवीत दोनशे बारा आसरापत्रे होती. सगळी नकाराची. नकाराला इतके गोड नाव देणारा माणूस तिला एकदा भेटायला हवा होता.

वैजयंती खात्याची अर्जसोबती होती, तीही कंत्राटी. तळमजल्यावरच्या खिडकीत बसून ती लोकांचे अर्ज भरून देई. कुणाचे निराधार वेतन, कुणाचे धान्य, कुणाचे औषध आणि घर गेलेच तर आपत्कालीन खोली. तिने भरलेला अर्ज अपुरा म्हणून कधी परत येत नाही, असा अकरा वर्षांचा लौकिक होता. तिला त्याचा अभिमानही होता. या आठवड्यात तो अभिमान तिच्या घशात हाडासारखा अडकला होता.

मंगळवारी दुपारी तीन नंबरची वस्ती खचली. वस्तीखाली जुनी कोळसा खाण होती. खाण बंद करताना आतले बोगदे वाळूने भरले, असे कागद सांगत होता. जमीन वेगळे सांगत होती. दोन्ही आळ्या पुरुषभर खाली गेल्या. सकाळपासून भिंतींना तडे दिसत होते म्हणून लोक बाहेर येऊन बसले होते, त्यामुळे जीव कुणाचा गेला नाही. त्यात खात्याचे काडीचेही श्रेय नव्हते.

दोनशे बारा कुटुंबे नगरपालिकेच्या शाळेत आली. सोमवारी तिथे परीक्षा सुरू होणार होती, म्हणून सोमवारी उजाडेपर्यंत शाळा रिकामी करा, असे मुख्याध्यापकांनी हात जोडून सांगितले. डिसेंबरचा महिना. खाणीवर कोळसा निवडण्यात आयुष्य गेलेली रुखमा आत्राम श्वासयंत्राशिवाय दोन तास काढू शकत नव्हती. शाळेतले विजेचे चालू बोर्ड तेवढे मुख्याध्यापकांच्या खोलीत होते आणि त्यांनी भल्या मनाने खोलीची किल्ली दिली होती. रस्त्यावर बोर्ड नसतो. सोमवारी रुखमाचे काय करायचे, हा प्रश्न वैजयंती चार दिवस डोक्यावर घेऊन फिरत होती. आणि शहरात अशाच वेळेसाठी बांधलेल्या सहाशे खोल्या होत्या. त्यांतल्या पाचशे चाळीस कुलूपबंद.

शुक्रवारी निकाल आले. रुखमाच्या पत्रावर लिहिले होते: आसरा उपलब्ध, द्वारका पिपळशेंडे यांचे घर, समोरची आळी. द्वारकाबाईंच्या पत्रावर लिहिले होते: आसरा उपलब्ध, रुखमा आत्राम यांचे घर. दोघी त्या वेळी एकाच सतरंजीवर बसल्या होत्या.

द्वारकाबाईंनी दोन्ही कागद वैजयंतीकडून वाचून घेतले आणि म्हणाल्या, "मले म्हणते हिच्याकडं जाय, हिले म्हणते माह्याकडं ये. मंग आमी का त्या खड्ड्यात भेटाव का, बाई?"

रुखमाला हसू आले आणि हसण्याने खोकला. तो खोकला थांबेपर्यंत वैजयंतीने उरलेली पत्रे चाळली. मग तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण चूक कुठून सुरू झाली, हे तिला दिसले.

त्या वस्तीत जोडघराची रीत होती. खाण चालू होती तेव्हा नवराबायको दोघेही पाळीवर जात. मग लेकरे कुणाकडे? समोरच्या घरी. भोंगा वाजला, अपघात झाला, तरी चूल पेटणार समोरच्याच घरी. लग्न करून नवे बिऱ्हाड आले की वस्तीतले जाणते त्याला समोरचे घर जोडून देत. खाण बंद होऊन वीस वर्षे झाली, रीत राहिली. अर्जात एक रकाना होता: संकटात तुम्ही कुणाकडे जाल? दोनशे बारा कुटुंबांनी मान वर करून आपापल्या जोडघराचे नाव सांगितले होते. आम्हाला कुणी नाही असे म्हणणे त्या वस्तीत लाजिरवाणे होते. आणि रकाना कोरा ठेवू नका, कोरा ठेवला तर अर्ज परत येतो, असे बजावून ती नावे स्वतःच्या हाताने लिहिणारी वैजयंती होती.

चौथ्या मजल्यावरच्या यंत्रकक्षाचे प्रमुख डॉ. यशोधन कारखानीस वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर तिला सोपे गेले असते. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिले आणि शाळकरी मुलीला समजावावे तसे समजावले. प्रत्येक अर्जदाराचे एक छायारूप यंत्रात असते. त्याचे वय, आजार, शिधा, विजेचा वापर, फोन कुठे कुठे फिरतो, कुणाशी बोलतो, हे सगळे त्या छायेला ठाऊक असते. अर्ज आला की छायेला बेघर करायचे आणि पुढचे तीस दिवस चालवून पाहायचे. एकदा नाही, दोनशेदा. निम्म्याहून अधिक वेळा तिला तीस रात्री छप्पर मिळाले, तर माणसालाही मिळेल. मग खोली द्यायची नाही, म्हणजे ती खऱ्या गरजूसाठी उरते.

"उरतेच आहे, सर," वैजयंती म्हणाली. "पाचशे चाळीस उरल्यात."

कारखानीसांनी चष्मा पुसला. तिने दोन पत्रे टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि विचारले, "द्वारकाबाईंची छाया रुखमाचं दार वाजवते, तेव्हा दार कोण उघडतं?"

"रुखमाबाई."

"त्यांची छाया?"

"नाही. चालती छाया एकच असते, अर्जदाराची. बाकीचं जग आम्ही गोठवलेलं असतं. एका अर्जदाराची माहिती दुसऱ्याच्या प्रकरणात वापरता येत नाही, कायदा आहे. त्यामुळे शेजारी, घरं, रस्ते सगळं शेवटच्या नोंदणीतलं स्थिर चित्र."

"त्या चित्रात वस्ती खचली आहे का?"

खचण्याचा पंचनामा भूमापन कार्यालयातून अजून आलेला नव्हता. तो आल्याशिवाय चित्र बदलत नाही.

"म्हणजे रुखमा बेघर झाली, तेव्हा द्वारकाबाईंचं घर उभं. द्वारकाबाई बेघर झाल्या, तेव्हा रुखमाचं घर उभं. दोनशे बारा वेळा एकच घर पडतं आणि बाकी सगळी वस्ती त्याला सांभाळायला उभी राहते. बरोबर ना, सर?"

कारखानीसांनी दोन्ही कागद पुन्हा वाचले. मग त्यांनी कबूल केले की एकेक उत्तर घेतले तर गणितात चूक नाही, आणि सगळी उत्तरे एकत्र ठेवली तर त्यांना अर्थ नाही. गेल्या तीन वर्षांत असे किती झाले असेल, हे त्यांनी कधी तपासले नव्हते. ज्यांना नाकारले ते परत आले नाहीत, की यंत्र ते आपले यश म्हणून मोजत असे. परत न येणारे कुठे गेले, हा यंत्राचा विषय नव्हता. वैजयंतीला त्या काळ्या कपाटांना लाथ घालावीशी वाटली. पण त्यांच्या पोटात तिच्याच अक्षरातले रकाने होते.

"सगळ्यांना एकत्र चालवा," ती म्हणाली. "वस्ती खचलेली दाखवून."

त्यासाठी संचालकांची परवानगी हवी होती आणि दोनशे बारा कुटुंबांची संमतीही. संमती तिने दुपारपर्यंत आणली. संचालक मकरंद उमाळकर सातव्या मजल्यावर बसत. मेलेल्या माणसालाही नियम वाचून दाखवतील, असा त्यांचा स्वभाव. त्यांनी परवानगी दिली, कारण यंत्रावर त्यांचा देवापेक्षा अधिक विश्वास होता. पण एक अट घातली. हा निकाल अंतिम. कुणालाही फिरवता येणार नाही, त्यावर अपील नाही, आणि तसे वैजयंतीने सर्वांच्या वतीने लिहून द्यायचे.

तिने सही केली. उत्तर पुन्हा नकाराचे आले, तर रुखमाच्या श्वासाला तीच जबाबदार. दुसरा मार्ग कोणता होता? सोमवार परवावर आला होता.

रविवारी सकाळी साडेदहाला छाया चालू झाल्या. भिंतीवरच्या पडद्यावर शहराचा नकाशा आणि त्यात आठशे साठ ठिपके, माणसामागे एक. तीस दिवस अर्ध्या मिनिटात जाणार होते. ठिपके आधी जोडघराकडे गेले, खड्ड्यापाशी थांबले आणि शाळेत आले. सोमवारी शाळेबाहेर पडले. काही बसस्थानकावर गेले, तिथून त्यांना उठवण्यात आले. काही देवळाच्या मंडपात, तिथूनही. काही नातलगांकडे गेले आणि तीन-चार दिवसांत परतले. यंत्राला माणसांचे हे सगळे माहीत होते, त्यामुळे पाहणाऱ्याला आणखीच चीड येत होती. जिथे बोर्ड मिळेल तिथे थांबत आलेला रुखमाचा ठिपका आठव्या दिवशी विझला. कारखानीसांनी मान खाली घातली. उमाळकरांनी घड्याळ पाहिले.

दुसऱ्या फेरीत तो सहाव्या दिवशी विझला.

यंत्राची रीत अशी होती की प्रत्येक फेरीतून शिकून छाया पुढच्या फेरीत अधिक चांगली वाट शोधे. एकेकट्या छायेला जोडघराची वाट पहिल्याच फेरीत सापडत असल्यामुळे तिला पुढे शोधावेच लागत नसे. आता शोधावे लागत होते. अकराव्या फेरीत काही ठिपके निवारा भवनाकडे वळले. विसाव्या फेरीत निम्मे. तिसाव्या फेरीनंतर सगळेच, पहिल्याच संध्याकाळी. ते आत शिरत आणि बाहेर पडत नसत.

"हे काय चाललंय?" उमाळकरांनी विचारले.

कारखानीसांनी छायांची कारणनोंद उघडली आणि मोठ्याने वाचली. खात्याच्या नियमावलीत एकशे सातवे कलम होते. अर्ज वा फेरतपासणी प्रलंबित असलेल्या व्यक्तीस कार्यालयाच्या प्रतीक्षागृहातून, वेळ संपल्याच्या कारणावरूनही, बाहेर काढता येणार नाही. यंत्रे अहोरात्र चालत, म्हणून इमारतीला कुलूप नसे. वीज खंडित होत नसे. संडास होते, पाणी होते. प्रतीक्षागृह भरले तर लगतची जागा प्रतीक्षागृह समजावी, असे पोटकलमही होते. छायांनी खात्याचेच नियम वाचून काढले होते. वैजयंती अकरा वर्षे त्या खिडकीत बसत होती, पण हे कलम तिला कुणी सांगितले नव्हते. किती लोकांना तिने सहा वाजता, "आता उद्या या," म्हणून घरी पाठवले होते. घर नसलेल्यांनाही.

दोनशे फेऱ्या संपल्या. एकशे सत्तर फेऱ्यांत प्रत्येकाला तीस रात्री छप्पर मिळाले होते. छपाईयंत्रातून दोनशे बारा पत्रे बाहेर आली. उमाळकरांनी पहिले उचलले, "आसरा उपलब्ध" एवढे वाचले आणि शांतपणे म्हणाले, "नामंजूर. निकाल अंतिम आहे, निमगडेबाई. तुमची सही आहे."

"पुढचं वाचा, सर," कारखानीस म्हणाले.

पुढे पत्ता होता. निवारा भवन, तळमजला ते सातवा मजला. त्याखाली प्रत्येक आसरापत्रावर असते तीच ओळ होती. वर नमूद केलेल्या आश्रयदात्याने अर्जदारास नव्वद दिवस आसरा देणे बंधनकारक आहे. आणि त्याखाली संचालकांची सही, यंत्राने आपोआप उमटवलेली.

उमाळकरांनी पत्र रद्द करायला सांगितले. कारखानीसांनी नम्रपणे विचारले की कोणत्या कारणाने? छाया चुकली, असे लिहायचे असेल तर तीन वर्षांतली प्रत्येक छाया चुकू शकते आणि प्रत्येक नकार उघडावा लागेल. छाया बरोबर असेल, तर पत्रही बरोबर. शिवाय निकाल कुणालाही फिरवता येणार नाही, ही अट साहेबांचीच होती.

रविवारी दुपारी तीन नंबरची वस्ती निवारा भवनात आली. बोचकी, स्टोव्ह, गाद्या, पिंजऱ्यातला एक पोपट. रुखमाचे श्वासयंत्र चौथ्या मजल्यावर, काळ्या कपाटांशेजारच्या बोर्डाला लागले. सोमवारी कर्मचाऱ्यांना टेबलापर्यंत पोचायला वाट नव्हती. सातव्या मजल्यावर साहेबांच्या दालनाबाहेर कपडे वाळत होते आणि फोडणीच्या ठसक्याने बैठक दोनदा थांबली. बुधवारी मुंबईहून पाहणीचे पथक यायचे होते.

मंगळवारी बारा वाजता उमाळकरांनी वैजयंतीला वर बोलावले. त्यांच्यापुढे एक कागद होता, आठ ओळींचा. जनहितार्थ, संचालकांच्या स्वेच्छाधिकारात, यंत्राच्या निकालाची वाट न पाहता, दोनशे बारा खोल्या तत्काळ देण्यात येत आहेत. शेजारी किल्ल्यांची पेटी होती. हा अधिकार पहिल्यापासून होता, खाते स्थापन झाले त्या दिवसापासून, हे ते ओघात बोलून गेले. वापरायची वेळ आली नव्हती, असे म्हणाले.

त्यांनी सही केली. पेन झाकून ठेवले आणि लोकांना संध्याकाळच्या आत हलवा, मजले धुऊन घ्या, असे सांगितले.

वैजयंतीने पेटी उचलली नाही. आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. वीस वर्षांची असती तर तिने कागद फाडला असता. पण खाली रुखमा होती आणि खोलीत बोर्ड होता, म्हणून ती फक्त उभी राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "तुमच्या दाराशी कपडे वाळेपर्यंत ही सही कुठं होती?"

तिने पेटी काखोटीला मारली आणि चौथ्या मजल्यावर गेली. कारखानीसांना तिने तीन वर्षांची नकारांची यादी मागितली, पत्त्यांसकट. यादी नऊ हजार नावांची होती. किल्ल्या वाटून झाल्यावर, खिडकी दुपारी बंद ठेवून, तिने पहिला फोन लावला. तो क्रमांक आता अस्तित्वात नव्हता.

तिने दुसरा लावला.